बाण कुणाच्या हाती

ओताकरने जीपीएस गाडीच्या टपावर ठेवलं, चिखलाचे बूट काढून डिकीत टाकले, कोरडे बूट चढवले आणि गाडी चालू केली. टपावरचं यंत्र कुठल्या वळणावर घसरलं ते देव जाणे. मागे फिरून पाहिलं तर बटाट्याने भरलेला एक ट्रॅक्टर त्याच्यावरून गेला होता. चौदा वर्षं, तीन हजार दोनशे डबे, आणि शेवट बटाट्याखाली.

"अपघाती मृत्यू," ओताकर म्हणाला आणि रुमालात तुकडे गोळा करू लागला.

"टपावर तूच ठेवलंस," त्याची बायको द्राहा म्हणाली.

"ते आता उगाळून काय होणार आहे?"

डबा म्हणजे काय हे आमच्या नोवे म्येस्तो गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण एकदा सांगून टाकतो. कुणीतरी जंगलात, पुलाखाली, पडक्या भिंतीत एक प्लास्टिकचा डबा लपवतो. आत एक छोटी वही. त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी ते आकडे यंत्रात भरायचे, यंत्र बाण दाखवतं त्या दिशेने जायचं, डबा हुडकायचा, वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे परत ठेवायचा आणि घरी यायचं. मिळतं काय? काही नाही. मिळत असतं तर इतकी माणसं येडी झाली नसती. आमच्याकडे या येड्यांना बदक म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका, दहा बदकं दहा कारणं सांगतील.

ओताकर आणि द्राहा ही आमच्यातली जुनी बदकं. ओताकर अडतीस वर्षं रेल्वेत होता, स्टेशनवर लाल टोपी घालून गाड्या सोडायचा. द्राहा शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधायची. दोघं एकाच नावाने खेळायची, 'सिग्नल'. नाव अर्थातच ओताकरने ठेवलेलं. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी ठरली आणि पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. यंत्र ओताकरच्या हातात, बाकी सगळं द्राहाच्या. तो बाणाकडे बघत उभा राहायचा आणि सांगायचा, "चार मीटर. डावीकडे. अगं डावीकडे, ती डावी आहे का?" मग द्राहा काटेरी झुडपात शिरायची, खाजकुयली अंगावर घ्यायची, मुळांखालच्या बिळात कोपरापर्यंत हात घालायची आणि डबा बाहेर काढायची. रात्री आंघोळ करताना गोचिड्या उपटायची. घरी आल्यावर ओताकर संगणकावर लिहायचा, 'आज आठ डबे शोधले.'

याचं तिला वाईट वाटायचं का? थोडंफार. पण ते संसारात कुणाला चुकलंय. खरं दुखणं वेगळं होतं.

गेल्या ऑक्टोबरात, कड्याखालच्या रानात, ओताकर बोलता बोलता खाली बसला आणि आडवा झाला. ब्लडप्रेशर. तोंड पांढरं फटक, हाक मारली तर उत्तर नाही. द्राहाच्या फोनला रेंज नव्हती. धावत रस्त्यावर जावं, कुणाला तरी आणावं, एवढं तिला सुचलं. पण रस्ता कुठे होता? ती तीन तास त्याच्या पाठीमागून चालत आली होती आणि गाडी कुठल्या बाजूला उभी आहे याचा तिला पत्ता नव्हता. तिने त्याच्या मुठीतून यंत्र सोडवलं, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, आणि ते बंद पडलं. चौफेर सारखीच झाडं. दहाएक मिनिटांनी ओताकरने डोळे उघडले, उठून बसला, हसला आणि म्हणाला, "काय बघतेस? डुलकी लागली." द्राहाही हसली. ती दहा मिनिटं मात्र तिच्या पोटात तशीच राहिली. तिने कुणाला सांगितलं नाही, त्याला तर नाहीच.

म्हणून ट्रॅक्टरने यंत्राचा चुराडा केला तेव्हा खरं सांगायचं तर तिला मनातून बरंच वाटलं. नवीन येईल ते मी धरीन, असं तिने घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं.

ओताकरने चौकटीच्या कागदावर तक्ता आखला. अकरा यंत्रं, चौदा रकाने. वजन, पडद्याची लांबी, बॅटरी किती तास, पाण्यात किती मिनिटं टिकतं, नकाशा आत आहे की वेगळा घ्यायचा. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर तो कागद. सूप वाढायला जागा नाही. प्रत्येक यंत्राला तो दहापैकी गुण द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी खोडायचा.

"त्यात एक रकाना कमी आहे," द्राहा म्हणाली.

"कुठला?"

"कोण धरणार."

"त्याला रकाना कशाला हवा?" ओताकर म्हणाला आणि खोडरबर शोधू लागला. त्याला खरंच कळलं नव्हतं. हे असलं न कळणं अडतीस वर्षं शिट्टी फुंकून येतं.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी आमची बदकं स्टेशनसमोरच्या पबात जमतात. ओताकर तक्ता घेऊन गेला आणि गहजब झाला. बदकांना दोन विषय काढून देऊ नयेत, एक गोचिडी आणि दुसरा कुठलं यंत्र घ्यावं.

"खिशात फोन असताना ते डबडं विकत घ्यायचंच कशाला?" दातांची डॉक्टरीण बोहदाना म्हणाली.

"फोन घेऊन फिरणारी ती बदकंच नव्हेत," ओताकर म्हणाला. "माझा फोन मी गाडीत ठेवून जातो. थंडी पडली की मान टाकतो तो."

"तसा तूही टाकतोस," कुणीतरी मागून म्हणालं.

"सेल साधे पाहिजेत," वीजतंत्री लुमीर म्हणाला. लुमीर म्हणजे आमच्या गावचा मुख्य बदक, घरात सात यंत्रं बाळगून असलेला माणूस. "कुठल्याही टपरीवर मिळतील असे. रानात चार्जर कुठे खोचणार, झाडात?"

"पडदा मोठा पाहिजे आणि काचेवर बोट फिरवलं की चाललं पाहिजे," ओताकर म्हणाला. "बटणांचा जमाना गेला."

"मला बटणवालं हवं," द्राहा म्हणाली. "हातमोजे काढावे लागत नाहीत. आणि यापुढे यंत्र मी धरणार."

ओताकरला आधी वाटलं ती गंमत करतेय, म्हणून तो हसला.

"तू धरणार? मग डबा कोण काढणार?"

"तू."

"माझ्या कंबरेचं माहीत आहे ना तुला?"

"माझ्या कंबरेची चौकशी चौदा वर्षांत कुणी केली नाही."

"अगं, पण तुला दिशा कळत नाहीत. दुकानातून बाहेर आलीस की तू हमखास उलट्या बाजूला चालायला लागतेस. खोटं असेल तर सांग."

खोटं नव्हतं. म्हणूनच ते लागलं. आणि वर सगळ्यांदेखत. द्राहाने उचललेला बिअरचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

लुमीरने ते पाहिलं. "शनिवारी सकाळी नऊला माझा नवा डबा जाहीर होतोय," तो म्हणाला. "काळं, काचेचं यंत्र मी ओताकरला देतो. पिवळं, बटणांचं द्राहाताईंना. दोघांनी वेगवेगळं निघायचं. वहीत जो आधी सही करेल त्याच्या हातातलं यंत्र घ्यायचं, आणि धरायचंही त्यानंच. पुन्हा तक्रार नाही."

"आणि आम्ही?" बोहदाना म्हणाली.

"तुम्ही दुपारी बारापर्यंत घरी बसायचं."

आता, नवा डबा पहिल्यांदा उघडायचा, कोऱ्या वहीत पहिलं नाव आपलं लिहायचं, यासाठी आमची बदकं जेवत्या ताटावरून उठतात, लग्नातून पळतात. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यावरून ओळखा, त्या टेबलावर किती जणांच्या बायका मागून चालत होत्या.

"मंजूर," ओताकर म्हणाला. "बिचारीला वाईट वाटेल, पण मंजूर."

गुरुवार आणि शुक्रवार द्राहाने पिवळ्या यंत्राचं माहितीपुस्तक वाचलं. नव्वद पानं. कणकेचे गोळे उकळत होते तेव्हाही पुस्तक हातात. कुठलं बटण काय करतं ते तिने फळीवरच्या मसाल्यांसारखं पाठ केलं. हे यंत्र जुन्या धाटणीचं होतं. उभं राहिलं की त्याचा बाण वेड्यासारखा गरगर फिरायचा, चार पावलं टाकली की मग ताळ्यावर यायचा. पहिल्यांदा तिला वाटलं आपण मोडलं. मग पुस्तकात वाचलं की चालल्याशिवाय त्याला दिशा कळतच नाही. मग ती अंगणात चालत राहिली, कपडे वाळत घालायच्या दोरीपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत, तासभर. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिने बाण स्वतः पाहिला होता.

ओताकरने काळ्या यंत्राला फक्त पुसून घेतलं.

शनिवारी नऊला डबा जाहीर झाला. द्राहाने आकडे दोन कागदांवर उतरवून घेतले. उत्तरेचे ४९ अंश, ३६.५१२ मिनिटं. पूर्वेचे १६ अंश, ०४.२०७ मिनिटं. खाली लुमीरची सूचना, 'मुळांखाली'. जुन्या यंत्रात आकडे वायर जोडून संगणकावरून आपोआप जायचे, त्यामुळे ओताकरने आजवर हाताने एकही आकडा भरलेला नव्हता. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्याच्याही नाही.

रानाच्या तोंडाशी, छोट्या देवळाजवळ, त्यांनी गाडी लावली. द्राहाने आपल्या नेहमीच्या सवयीने हातात टोपली घेतली होती. सप्टेंबरात टोपली घेतलेल्या बाईला कुणी विचारत नाही, मशरूम गोळा करतेय म्हणतात आणि पुढे जातात. डबे शोधताना परक्याच्या नजरेला पडायचं नसतं, त्यासाठी याहून चांगलं सोंग नाही. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून दोघं आकडे भरू लागली.

द्राहाला ते सोपं गेलं. छत्तीस पूर्णांक पाचशे बारा. म्हणजे छत्तीस किलो आणि पाचशे बारा ग्रॅम. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर असे आकडे तिने हजारदा वाचले होते. पिवळ्या यंत्राने बिंदूनंतर तीन घरं दाखवली, तिने तीन आकडे भरले.

पलीकडे ओताकर पुटपुटत होता, "छत्तीस मिनिटं, एक्कावन्न सेकंद, वर दोन." रेल्वेतला माणूस. त्याच्यासाठी मिनिटामागून सेकंदच यायचे. काळ्या यंत्राच्या पडद्यावर मिनिटं आणि सेकंद अशीच घरं होती, तीही पटापट भरली.

"माझं एक पूर्णांक चार किलोमीटर दाखवतंय," द्राहा म्हणाली.

ओताकरने आपला पडदा बघितला. "माझं दोन."

"असं कसं?"

"तुझं जुनं आहे. त्याला लांबचं दिसत नाही," ओताकर म्हणाला. मग जरा मऊ होऊन, "हे बघ, हरवलीस तर एका जागी थांब. मी येतो शोधायला."

आणि तो गेला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पाठ ताठ, जणू फलाटावरून चाललाय. त्याच्याकडे बघताना द्राहाला राग आला आणि मायाही आली. दोन्ही एकदम यायची तिला सवय होती.

ती चालू लागली. पहिली दहा मिनिटं तिचा यंत्रावर काडीचा भरवसा नव्हता. ओताकरचं दोन किलोमीटर म्हणतंय म्हणजे आपलंच चुकलं असणार. चुकायचं आपणच, हेही जुनंच. दोनदा तिला वाटलं परत फिरावं, गाडीत बसावं आणि तो येईपर्यंत विणकाम करावं. पण मीटर कमी होत होते. नऊशे, आठशे चाळीस, सातशे. फांदी आडवी आली की ती वळायची आणि बाणही वळायचा, तिच्यावर न ओरडता. तिला मजा वाटायला लागली. खरं सांगायचं तर ती एकटीच हसली, आणि वाटेत टोपलीत चार चांगली मशरूमही पडली.

शेवटच्या पाच मीटरांवर एक म्हातारं बीचचं झाड होतं, मुळं जमिनीवर आलेली. डाव्या बाजूच्या बिळावर कुणीतरी साल ठेवली होती. साल अशी कधी आपोआप पडत नाही हे द्राहाला चौदा वर्षांनी कळत होतं. तिने हात घातला. डबा.

वही कोरी होती. दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पेन्सिल धरली आणि हाताने सवयीने 'सि' लिहून टाकलं. तिने ते खोडलं. मग जरा विचार करून लिहिलं, 'द्राहोमिरा, १०.२५.' तीन हजार दोनशे डब्यांत हे नाव पहिल्यांदाच लागलं होतं. ते दिसायला जरा लांबलचक वाटलं, पण छान वाटलं.

ती मुळावर बसली, पावात घातलेला मांसाचा तळलेला तुकडा काढला आणि ओताकरची वाट बघू लागली. त्याचं तोंड कसं होईल याची कल्पना करत अर्धा पाव संपला. पावणेअकरा झाले. उरलेला अर्धा पावही संपला. अकराला पाच कमी. ओताकर नाही.

आणि मग तिला गेला ऑक्टोबर आठवला. दोन किलोमीटर. ब्लडप्रेशर. फोन गाडीत. तिने हाका मारल्या, रान ढिम्म. उठली आणि दोन पावलं धावली, आणि थांबली. कुठे धावणार? तो कुठे गेला हे तिला कुठे ठाऊक होतं?

थांब, तिने स्वतःला बजावलं. तो काय पुटपुटत होता? छत्तीस मिनिटं, एक्कावन्न सेकंद.

एक्कावन्न कुठून आले? पाचशे बारा ग्रॅम म्हणजे अर्धा किलो आणि चिमूटभर. मिनिटाचं अर्धं म्हणजे तीस सेकंद. एक्कावन्न म्हणजे तर जवळजवळ अख्खं मिनिट. या माणसाने बिंदूनंतरचे आकडे घड्याळासारखे वाचले. चौदा वर्षं वायरीने काम केलं आणि एक दिवस हाताने करायची वेळ आली तर ही तऱ्हा. एरवी ती पोट धरून हसली असती.

नव्वद पानांच्या पुस्तकातलं एकसष्टावं पान. आकडे दाखवायची पद्धत बदलणे. तिने बटणं दाबली, एकदा चुकली, मागे आली, पुन्हा दाबली. आता यंत्र तिलाही सेकंद विचारू लागलं. तिने मुद्दाम, नवऱ्याने भरले असतील तसे चुकीचे आकडे भरले. एक्कावन्न पूर्णांक दोन. चार मिनिटं, वीस पूर्णांक सात. बाण एक गरका मारून उत्तरेकडे वळला. साडेसहाशे मीटर.

ती पळाली. त्रेसष्ट वर्षांची बाई रानातून टोपली घेऊन पळते तेव्हा जे काय दिसतं ते दिसलं असेल, बघायला कुणी नव्हतं. पाचशे. चारशे. दोनशे मीटरांवर झाडं संपली आणि तळं लागलं. कार्प माशांचं तळं, शरदातल्या मासेमारीसाठी अर्धं रिकामं केलेलं. बाण सरळ तळ्याच्या मध्याकडे दाखवत होता.

आणि काठापासून वीसेक पावलांवर, गाळात मांड्यांपर्यंत रुतलेला ओताकर उभा होता. एका हातात काळं यंत्र उंच धरलेलं, भिजू नये म्हणून.

द्राहा आधी खाली बसली. तो उभा होता, बोलत होता, शिव्या देत होता. पुरे होतं तेवढं.

"काय करतोयस तिथे?" तिने विचारलं.

"डबा शोधतोय. दीडशे मीटर राहिलेत," ओताकर म्हणाला. "लुमीर नालायक आहे, डबा पाण्यात ठेवलाय. होडी पाहिजे असं लिहायला नको?"

"सूचना काय आहे?"

ओताकरने पाण्याकडे बघितलं. "मुळांखाली."

"कमळाच्या?"

मासेमारांनी काठावर टाकलेला एक वासा तिने ओढत आणला, टोक त्याच्याकडे सरकवलं आणि टाच रोवून मागे झुकली. एक पाय आला, दुसरा आला, दुसऱ्यातला बूट आला नाही. ओताकर काठावर पोटावर पडला आणि धापा टाकत राहिला. तिने थर्मासमधला चहा त्याला दिला, गोळी घेतलीस का विचारलं, घेतली म्हणाला.

"पण तू इथे कशी आलीस?" त्याने विचारलं. "तुझा बाण तर दुसरीकडे होता."

"माझा डबा साडेदहालाच सापडला. मग तुझे चुकलेले आकडे भरले आणि तुझ्या बाणामागून आले."

तिने चूक समजावून सांगितली. अर्धा किलो, तीस सेकंद, एक्कावन्न. ओताकरने दोनदा ऐकून घेतलं. रेल्वेत एवढी चूक केली असती तर पेपरात आलं असतं, असं काहीतरी पुटपुटला. त्याला हरल्याचं लागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. द्राहाने ठरवलं होतं तशी फुशारकी मारायची तिला इच्छा उरली नव्हती. तिच्या तोंडून भलतंच बाहेर आलं.

"गेल्या ऑक्टोबरात तू पडलास ना, कड्याखाली. मला गाडी कुठे आहे ते माहीत नव्हतं. तुझ्या हातातलं यंत्र घेतलं आणि ते माझ्याकडून बंद झालं. तू तिथे मरत होतास आणि मी झाडं बघत उभी होते. म्हणून मला धरायचंय. बाकी मला काही नको."

ओताकर तिच्याकडे बघतच राहिला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू हसत होतास."

"मी घाबरलो होतो म्हणून हसत होतो," तो म्हणाला. "दोन रात्री झोपलो नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तूही हसलीस."

तिने त्याचा चिखलाचा हात आपल्या हातात धरून ठेवला, बराच वेळ. पलीकडे तळ्यात एक कार्प पाण्याबाहेर येऊन पुन्हा बुडाला.

एका बुटाने ओताकर लंगडत बीचच्या झाडापर्यंत आला. सही नाही तर शोध नाही, हा नियम तो मोडणारा नव्हता. द्राहाने डबा काढून त्याच्या हातात दिला. त्याने वही उघडली. खोडलेला 'सि' पाहिला, त्यापुढचं नाव पाहिलं, वेळ पाहिली. मग पेन्सिल घेतली, आणि आपलं रेल्वेतलं सुवाच्य अक्षर काढून खाली लिहिलं, 'ओताकर, ११.५०. बायकोने तळ्यातून शोधून आणला.'

द्राहाने वाचलं. दुपारी बारानंतर अख्ख्या गावची बदकं हे वाचणार होती.

"खोड ते," ती म्हणाली. "लोक हसतील."

"हसू दे. खरं तेच लिहायचं असतं वहीत."

डबा जागेवर गेला, साल जागेवर गेली. ओताकरने काळं यंत्र बंद केलं आणि तिच्या टोपलीत, मशरूमांच्या बाजूला, ठेवून दिलं.

"चल," तो म्हणाला. "गाडीकडे ने मला."

द्राहाने निघताना गाडीची जागा पिवळ्या यंत्रात टिपून ठेवली होती, बाविसावं पान. तिने ती काढली आणि चालू लागली. बाण अजून ताळ्यावर आला नव्हता. पाचसहा पावलं ती साफ उलट्या दिशेला गेली, मग बाण फिरला, मग तीही फिरली. ओताकरला ते कळलं नसेल हे शक्यच नव्हतं. पण तो एक अक्षर बोलला नाही. चिखलाच्या मोज्यावर लंगडत, तोंड मिटून, तिच्या मागून वळला आणि चालत राहिला.